घाटमाथ्यावरून बंदराकडे



मराठी घरांत प्रवासाचा बेत बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी कारणानें ठरतो. लग्न असतें, मुंज असते, कोणी आजारी असतें, किंवा एखादा नवस फेडावयाचा असतो. मग बॅगा भरल्या जातात. रस्ता पाहावा, मुलूख पाहावा, एवढ्याच हेतूनें नवरा-बायकोनीं दोघांनींच घराबाहेर पडणें अजूनहि कित्येक घरांत चैनीचें वाटतें, आणि उतारवयांत तर थोडें संकोचाचेंहि. "मुलांचीं शिक्षणें होऊं देत, मग जाऊं." "मुलीचें लग्न होऊं दे, मग पाहूं." असें म्हणतां म्हणतां वर्षें निघून जातात. अखेर सवड मिळते, तेव्हां गुडघे सवड देत नाहींत.

आज ज्या प्रवासाविषयीं सांगावयाचें आहे, तो अशाच एका दांपत्यासाठीं आंखलेला आहे. दांपत्य कल्पनेंतलें आहे. रस्ता मात्र खरा आहे, आणि त्यावरील प्रत्येक मुक्काम आजहि जाऊन पाहतां येतो. हीं दोघें छत्रपति संभाजीनगरांत, औरंगपुऱ्यांत राहतात. सरस्वती भुवनाच्या आवारावरून त्यांचें रोजचें जाणें-येणें, भाजी मंडईंतून, आणि खरेदी गुलमंडीवर. यजमान नोकरींतून निवृत्त झालेले. त्यांना वाचनाची आवड. कोणतीहि जुनी वास्तु दिसली कीं ती कोणत्या सालची, हा त्यांचा पहिला प्रश्न. गृहिणीला सालांशीं कर्तव्य नाहीं. एवढीं माणसें येथें राहत होतीं, तर पाणी कोठून आणीत होतीं, हा तिचा पहिला प्रश्न. दोन्ही प्रश्न बरोबर घेऊन निघालें तर हा प्रवास चांगला होतो, एवढें आधींच सांगून ठेवतां येईल.

समुद्र म्हटला कीं संभाजीनगरच्या माणसास तो फार दूरचा, दुसऱ्याच्या घरचा वाटतो. आपलें शहर डोंगरांच्या कुशींतलें, आपली भाकरी ज्वारीची. खाऱ्या पाण्याशीं आपला काय संबंध, असें त्याच्या मनांत असतें. परंतु हें शहर वसविणारा पुरुष समुद्रापलीकडूनच आला होता. मलिक अंबर हा मूळचा हबसाणांतला, म्हणजे आजच्या इथिओपियांतला. लहानपणीं तो गुलाम म्हणून विकला गेला, आणि अरबांच्या बाजारपेठांतून हिंडत दख्खनेंत पोहोंचला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्याला विकत घेतलें. पुढें त्याच निजामशाहीचा तो आधारस्तंभ झाला, आणि इ. स. १६१० मध्यें खडकी या खेड्याच्या जागीं त्यानें नवें शहर वसविलें. डोंगरांतील झऱ्यांचें पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरांत आणणारी नहर-ए-अंबरी हें त्याच्याच काळचें काम. खडकीचें फतेहनगर झालें, फतेहनगरचें औरंगाबाद झालें, आणि २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें. पाया मात्र समुद्रावरून आलेल्या माणसानें घातलेला आहे.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीं दुपारीं दोघांनीं खुलताबादेस जाऊन यावें. १६२६ सालीं निवर्तलेल्या मलिक अंबराची कबर तेथें आहे, आणि जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिचीहि आहे. ज्या माणसाला स्वतःचें घर निवडण्याचा हक्कच बालपणीं मिळाला नाहीं, त्यानें घर कोठें केलें, हें पाहून मग समुद्राकडे निघावें.

प्रवास सात दिवसांचा आहे. त्याचे नियम तीन. दिवाळीनंतर निघावें आणि माघ संपण्यापूर्वीं परत यावें. कारण पावसाळ्यांत माळशेज घाटांत दरडी कोसळतात आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. दिवसांतून चार-पांच तासांहून अधिक मोटार चालवूं नये. आणि परवडत असेल तर गाडीसाठीं चालक घ्यावा. यजमान स्वतः गाडी चालविण्याचा आग्रह धरतील; परंतु चालक असला म्हणजे दोघांनाहि खिडकी मिळते, आणि एकानें पाहिलेलें दुसऱ्यास त्याच क्षणीं दाखवितां येतें.

पहिला टप्पा पैठणचा, सुमारें पन्नास किलोमीटरांचा. गांवांत शिरण्यापूर्वीं नाथसागराचें विस्तीर्ण पाणी दिसतें. या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें झाली, आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. संभाजीनगरच्या नळांना येणारें पाणी येथलेंच. नळाचे दिवस मोजीत जिनें संसार केला, ती गृहिणी या पाण्याकडे पाहुण्यासारखी पाहणार नाहीं. तिला तें ओळखीचें वाटेल. गोदावरीच्या घांटावर थोडा वेळ बसावें, एकनाथ महाराजांच्या वाड्यांत जाऊन यावें, आणि मग एखाद्या विणकराच्या मागाशीं उभें राहावें. पैठणीचा खरा पदर उलट आणि सुलट दोन्ही बाजूंनीं सारखाच दिसतो. मोर, मुनिया आणि वेली यांचे रंगीत धागे हातानेंच गुंफलेले असतात.

हा पदर निरखतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रेशीम आणि जर यांच्यावर जगणारें गांव दूरच्या व्यापारावांचून जगूं शकत नाहीं. पैठण म्हणजे सातवाहनांचें प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यांत पैठणचें नांव आहे. भडोचपासून हें शहर दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि येथून अकीकासारखे मौल्यवान दगड गाड्यांत घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून भडोचेस नेले जातात, असें तो लिहितो. नकाशा समोर ठेवला कीं यजमानांना येथें शंका येईल. पैठणला जवळचा समुद्र कोंकणचा. मग माल वीस दिवस चालून गुजराथेंतल्या भडोचेस कां जात असावा? या शंकेचें उत्तर पुढच्या मुक्कामांवर मिळतें.

पैठणाहून संध्याकाळपर्यंत नगरास पोहोंचावें. २०२४ पासून या शहराचें नांव अहिल्यानगर आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानें तें वसविलें. चांदबिबीनें जो भुईकोट किल्ला मोंगलांशीं लढविला, त्याच किल्ल्यांत १९४२ ते १९४५ या काळांत पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी स्थानबद्ध होते, आणि नेहरूंनीं आपला 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ तेथेंच लिहिला. एकाच तटाच्या आंत एका बाईनें शहर राखलें आणि एका बंदिवानानें देशाचा इतिहास धुंडाळला. मात्र नगरांत फार रेंगाळूं नये. पुढचा मुक्काम अधिक वेळ मागणारा आहे.

नगराहून कल्याणकडे जाणारा रस्ता आळेफांट्यावरून जातो. तेथून जुन्नर जवळ आहे. जुन्नर म्हटलें कीं शिवनेरी, आणि तें यथार्थच आहे; १६३० सालीं शिवाजी महाराज येथें जन्मले. परंतु या गांवाभोंवतालचे डोंगर लेण्यांनीं जितके पोखरलेले आहेत, तितके दुसऱ्या कोठल्याहि गांवाभोंवतालचे क्वचितच असतील. लेण्याद्रि, मानमोडी, तुळजा, शिवनेरी, अशा चारी बाजूंस बौद्ध भिक्षूंचीं निवासस्थानें आहेत. तीं खोदण्यास पैसा कोणी दिला, हें भिंतींवर लिहिलेलें आहे. त्यांत कल्याणच्या एका सोनाराच्या मुलाचें नांव आहे. इरिल, चित आणि चंद या तीन यवनांचीं, म्हणजे ग्रीक मुलखाशीं संबंध असलेल्या परदेशीयांचीं नांवें आहेत. इरिलानें पाण्याचीं दोन टाकीं करून दिलीं. गृहिणीच्या प्रश्नाला दोन हजार वर्षांपूर्वींच्या परक्या माणसानें असें उत्तर देऊन ठेविलें आहे.

लेण्याद्रीच्या गणपतीपर्यंत जावयास पावणेतीनशेंहून अधिक पायऱ्या आहेत. "मुलांचीं शिक्षणें होऊं देत" असें तीस वर्षें म्हणणारे यजमान येथें बहुधा पन्नासाव्या पायरीवर बसतील. "तूं जाऊन ये, काय काय आहे तें मला सांग," असें ते म्हणतील. ती जाईल. वर गेल्यावर तिला दिसेल कीं ज्याला आपण देऊळ म्हणतों तो मूळचा बौद्ध विहार आहे, आणि गणपति त्यांत मागाहून येऊन राहिला आहे. ती खालीं येऊन हें सांगेल, तेव्हां आयुष्यांत प्रथमच वर्णन करणारी ती असेल आणि ऐकणारे ते असतील. या दृष्टीनें पाहतां गुडघेदुखीचाहि कांहीं उपयोग आहे. तथापि दहा वर्षें आधीं निघालें असतें तर दोघांनींहि वर जाऊन पाहिलें असतें, हेंहि तितकेंच खरें.

तिसऱ्या दिवशीं नाणेघांट. जुन्नराहून तीसएक किलोमीटरांवर घाटघर हें गांव, आणि त्यापुढें सह्याद्रि एकाएकीं संपतो. कड्यावर उभें राहिलें कीं खालीं कोंकण पसरलेलें दिसतें. कड्याच्या दोन उंचवट्यांमधून दगडी फरसबंदीची चिंचोळी वाट खालीं उतरते. ती आजहि पायवाटच आहे. मोटारीला तेथें थारा नाहीं. वाटेच्या तोंडाशीं एक मोठा दगडी रांजण आहे. जाणारा-येणारा व्यापारी जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असे, अशी परंपरेनें चालत आलेली समजूत आहे. थोडें खालीं उतरलें कीं कोरलेली गुहा लागते. पैठण आणि कल्याण यांमधला सरळ रस्ता तो हाच.

गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींतला मोठा लेख आहे. सातवाहन राणी नागनिका हिच्या नांवानें तो ओळखला जातो. राजानें आणि तिनें केलेले अश्वमेधासारखे यज्ञ, त्यांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गांवें आणि कार्षापण नाणीं यांचे आंकडे त्यांत आहेत. हिंदुस्थानांतील सर्वांत जुन्या अंकलेखनापैकीं तें एक होय. एकेकाळीं मागच्या भिंतीशीं राजकुळांतील व्यक्तींचे पुतळे उभे होते. आज त्यांच्या पावलांच्या खुणाच काय त्या उरल्या आहेत; वर कोरलेलीं नांवें मात्र वाचतां येतात. बाकी प्रत्येकाचें नांव वेगळें आहे. नागनिका आणि तिचा पति श्रीसातकर्णि यांचें नांव तेवढें एकाच ओळींत आहे, आणि त्या ओळींत राणी आधीं आहे, राजा मागून. याच लेखांत वैधव्यानंतर महिना महिना उपवास करणारी राणी म्हणूनहि तिचा उल्लेख येतो.

येथें थोडा वेळ कोणी कांहीं बोलूं नये हें बरें. मूर्ति गेल्या, चेहरे गेले. वाटेच्या तोंडावर दोघांचीं नांवें शेजारीं राहिलीं. पूर्वींच्या राजांना आपलीं नांवें कोठें कोरावीं हें चांगलें कळत असे. देवळापेक्षां रस्त्यावरून अधिक माणसें जातात.

चौथ्या दिवशीं मोटार माळशेजच्या घाटानें कोंकणांत उतरते, आणि मुरबाडवरून कल्याण गांठते. आजचें कल्याण हें गर्दीचें, आगगाड्यांचें शहर आहे. प्रथमदर्शनीं तेथें जुनें कांहीं असेल असें वाटत नाहीं. परंतु खाडीकांठीं दुर्गाडीच्या टेकडीवर जावें. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराचा उद्योग याच खाडीशीं सुरूं झाला. आणि पैठणला पडलेल्या शंकेचें उत्तरहि येथेंच मिळतें. 'पेरिप्लस'चा लेखक म्हणतो कीं सातकर्णीच्या काळीं कल्याण हें रीतसर खुलें बंदर होतें. पुढें तें दुसऱ्या सत्तेच्या हातीं गेलें, आणि तेव्हांपासून चुकून तेथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जातात. अर्थात् घाटावरचें शहर एकाचें आणि घाटाखालचें बंदर दुसऱ्याच्या धाकांत, अशी स्थिति झाली होती. जवळची वाट असून दूरची धरावी लागली, ती यामुळें.

ही ताटातूट कायमची राहिली नाहीं. गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षत्रप नहपानाचा पराभव केला. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १३,००० हून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. तीं मूळचीं नहपानाचीं, पण त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां मारलेला होता. शहर आणि बंदर एका हातीं आले, कीं दोन्हीं संपन्न होतात; त्यांची फारकत झाली, कीं दोन्हीं झुरतात. हा सगळा रस्ता एवढी एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगतो.

कल्याण सोडण्यापूर्वीं आणखी एका दांपत्याचें स्मरण करावें. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालीं कल्याणचा. पति गोपाळराव टपालखात्यांत नोकरीस. त्यांची बदली अलिबागेस झाली, तेव्हां ते तिला बरोबर घेऊन गेले. नातेवाइकांपासून दूर तिचें शिक्षण नेटानें चालावें हा त्यांत हेतु होता. गोपाळराव हट्टी आणि तापट होते, आणि त्या शिक्षणांत प्रेमाबरोबर जाचहि पुष्कळ होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. तरीहि कल्याण ते अलिबाग हा त्या मुलीचा पहिला मोठा टप्पा होता. पुढें १८८३ सालीं ती एकटी जहाजानें अमेरिकेस गेली आणि १८८६ सालीं डॉक्टर झाली. दुसऱ्याच वर्षीं क्षयानें तिचा अंत झाला. बायकोस बरोबर नेण्यानें काय घडूं शकतें, आणि तिच्या शरीराचा विचार न केल्यानें काय घडूं शकतें, हें दोन्ही या एका प्रवासांत दिसून येतें.

त्याच वाटेनें, पनवेल आणि पेण मागें टाकून, चौथ्या दिवशींचा मुक्काम अलिबागेस करावा. हिंवाळा असला तर पोपटी मिळते. मडक्यांत वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून तें मडकें जाळावर भाजतात. घरून आणलेले धपाटे आतां संपलेले असतात. ज्वारीच्या भाकरीची जागा तांदळाच्या भाकरीनें घेतलेली असते. मुलूख बदलला हें जीभ डोळ्यांच्या आधीं सांगते.

पांचव्या दिवशीं चौल आणि रेवदंडा. नारळी-पोफळींच्या वाड्यांतून जाणारा हा रस्ता इतका शांत आहे, कीं एकेकाळीं हें पश्चिम किनाऱ्यावरील बड्या बंदरांपैकीं एक होतें, यावर विश्वास बसत नाहीं. ग्रीकांनीं त्याला सेमिल्ला म्हटलें. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी येथेंच उतरला. विकून फायदा करावा म्हणून त्यानें समुद्रावरून एक घोडा आणला होता. तो घेऊन तो घाट चढून जुन्नरास गेला. तेथील सुभेदारानें घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तरच परत मिळेल, अशी अट घातली. शेवटीं एका भल्या खुरासाणी गृहस्थाच्या मध्यस्थीनें तो सुटला. या दांपत्यास जी वाट उतरावयास एक दिवस लागला, ती चढावयास निकितिनला कित्येक आठवडे लागले होते.

निजामशाहीच्या काळीं अहमदनगरचें समुद्राकडील दार म्हणजे चौल. बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनें १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं खाडीच्या तोंडाशीं ठाणें केलें, आणि त्याचा पुढें कोट झाला. आज त्या रेवदंड्याच्या कोटांत माडांच्या बागा आहेत. पडक्या चर्चच्या भिंतींवर वेली चढल्या आहेत. चौलच्या रेशमाची त्या काळच्या युरोपीय प्रवाशांनीं फार वाखाणणी केली आहे. पैठणचा माग अजून चालतो. चौलचें नांव रेशमाशीं जोडलेलें आहे हें आज कोणास ठाऊकहि नसतें. खाडी गाळानें उथळ झाली, मुंबईचा उत्कर्ष झाला, आणि व्यापार तिकडे गेला. १७४० सालीं मराठ्यांनीं रेवदंडा घेतला, तेव्हां जुनें वैभव बरेंचसें ओसरलें होतें.

कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लई. किल्ला सुंदर आहे. त्यावरून एका हातास खाडी आणि दुसऱ्या हातास उघडा समुद्र दिसतो. पण खरें आश्चर्य पायथ्याच्या वस्तींत आहे. येथील ख्रिस्ती कुटुंबें घरांत जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणांतून, सोळाव्या शतकापासून, येथेंच घडलेली आहे. बोलणारे आपल्या भाषेला 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. बोलणारीं माणसें आतां फार थोडीं आहेत, आणि मुलें शाळेंत मराठी शिकतात. यजमान तटावर तोफांचे आंकडे वाचीत असतांना गृहिणी खालीं एखाद्या ओट्यावर बसली, तर मासे वाळविणाऱ्या बायकांच्या तोंडून ती भाषा तिच्या कानीं पडेल. राज्य जाऊन पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. स्वयंपाकघरांतली भाषा तेवढी टिकली.

त्या रात्रीं मुरुडास मुक्काम करून सहाव्या दिवशीं सकाळीं राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीनें जंजिऱ्यास जावें. होडी अगदीं तटाशीं येईपर्यंत दरवाजा दिसत नाहीं. निजामशाहीच्या आश्रयानें येथें प्रबळ झालेल्या सिद्दींनीं हा जलदुर्ग शेवटपर्यंत राखला. शिवाजी महाराजांनीं समोर पद्मदुर्ग उभारला. १६८२ सालीं संभाजी महाराजांनीं खाडींत दगडांचा सेतु घालून पाहिला. पण किल्ला पडला नाहीं. संस्थान विलीन झालें तें १९४८ सालीं. आंत कलालबांगडी तोफ आहे, आणि चहूंकडे खारें पाणी असूनहि गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. ते पाहून गृहिणी म्हणेल, "अहो, तुमच्या अंबराचीच ही माणसें ना?" अंबर आणि सिद्दी यांचा मुलूख एक, हबसाण. त्यांतल्या एकानें पठारावरच्या शहरांत डोंगरांतलें पाणी आणलें, आणि त्याच्या मुलखाच्या लोकांनीं समुद्राच्या मधोमध गोडें पाणी सांभाळलें. येथें तिचा प्रश्न आणि यजमानांचा प्रश्न एकत्र येतात. खुलताबादच्या कबरींपासून निघालेला धागा या तटापाशीं पुरा होतो.

दुपारीं आगरदांड्याहून फेरीबोटींत मोटार चढवून दिघीस उतरावें, आणि रात्रीं दिवेआगरास राहावें. सातव्या दिवशीं सकाळीं दिवेआगराहून श्रीवर्धनास जाणारा रस्ता आरावीवरून समुद्राच्या अगदीं कडेनें जातो. या सबंध प्रवासांत नुसत्या डोळ्यांच्या सुखासाठीं राखून ठेवावा, असा रस्ता तो हा. येथें कोणताहि लेख वाचावयाचा नाहीं आणि कोणाचें साल आठवावयाचें नाहीं. गाडी थांबवावी, कांचा खालीं कराव्या आणि वारा आंत येऊं द्यावा.

श्रीवर्धन हें पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचें गांव. सिद्दीच्या जाचामुळें त्यांना किनारा सोडून घाट चढावा लागला, आणि १७१३ सालीं सातारच्या छत्रपतींचें पेशवेपद त्यांस मिळालें. म्हणजे ही वाट केवळ उतरणाऱ्यांची नाहीं. यवन व्यापारी या मार्गानें वर गेले, निकितिन घोडा घेऊन वर गेला, भटांचें घराणें पोटासाठीं वर गेलें. घाटावरच्या शहरांना माणसें, माल आणि राज्यकर्ते खालून येत गेले. आणि बंदरांना गिऱ्हाईक वरून मिळत गेलें. परततांना माणगांववरून ताम्हिणी घाट चढून पुण्यास यावें, आणि तेथून घरीं.

अशा प्रवासाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. विलायतेचे आणि सिंगापूरचे फोटो आज घरोघरीं असतात, आणि ते असूं नयेत असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु ज्या रस्त्यामुळें आपलें शहर शहर झालें, तो रस्ता आपण एकदांहि पाहिला नाहीं, ही गोष्ट शोभणारी नव्हे. शिवाय तो आपली वाट पाहत थांबलेला नाहीं. नाणेघांटाचे पुतळे गेले आहेत, चौलची खाडी उथळ झाली आहे, नहर-ए-अंबरीचे नळ जागोजागीं फुटले आहेत, आणि कोर्लईची भाषा बोलणाऱ्या म्हाताऱ्या वर्षागणिक कमी होत आहेत.

माणसांचेंहि तसेंच आहे. चाळीस वर्षें एका घरांत राहिलेलीं दोन माणसें एकमेकांस पूर्ण ओळखतात, असें आपण गृहीत धरतों. प्रत्यक्षांत एकानें दुसऱ्याचा प्रश्न कधीं ऐकलेलाच नसतो. घरांत तो ऐकूं येत नाहीं. कारण दूध उतूं जात असतें, दारावर कोणी तरी आलेलें असतें. मोटारींत सात दिवस शेजारीं बसलें, कीं तो ऐकूं येतो. तेव्हां यंदाच्या दिवाळीनंतर, मुलांची परवानगी न विचारतां, पैठणचा रस्ता धरावा. पायऱ्या चढण्यासारख्या आहेत तोंवर जाऊन यावें.